उरलेला कोर्स

भादवा उतरायला लागला की टेकरीचा वास बदलतो. पाऊस थांबलेला असतो, पण ओल काही उठत नाही. कमरेएवढं झालेलं गवत आपल्याच भाराने आडवं पडतं, खालून कुजायला लागतं, आणि वरून ऊन असं पडतं की पाठ भाजून निघावी. सीताफळांचे डोळे अजून उघडलेले नसतात. माश्या मात्र जागच्या हलत नाहीत. हाकलल्या तरी तिथेच येऊन बसतात. याच दिवसांत देवासला घरोघरी पोटं बिघडतात. आणि याच दिवसांत वानरं खाली उतरतात. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची. पितृपक्षात लोक भिंतींवर पानं ठेवतात, हे त्यांना पंचांगवाल्यांपेक्षा नेमकं कळतं.

यंदाही उतरली आहेत. सकाळी परसाकडचं दार उघडलं तर भिंतीवर ओळीने बसलेली. शेपट्या खाली सोडलेल्या, हात गुडघ्यांवर. जणू पंगतीला बसली आहेत आणि वाढप्याला उशीर झाला आहे. मी दार लावून घेतलं.

मला त्यांची भीती वाटते. सहासष्ट वर्षांच्या माणसाने वानराला भ्यावं म्हणजे लोकांनी हसावं अशीच गोष्ट आहे. चावतील, ओरबाडतील, ही भीती नाही. तसं असतं तर काठी पुरली असती. त्यांच्या पोटात काय आहे त्याची भीती आहे. आणि ते तिथे घालणाऱ्या हातांत माझेही हात होते, त्याची.

उद्या अविधवा नवमी. माझी बायको मथू दोन वर्षांपूर्वी सवाष्ण गेली, म्हणून पितृपक्षातला हा दिवस तिचा. उद्या भिंतीवर तिचं पान ठेवायचं. आणि इकडे आत फडताळात चिमीच्या औषधाची शीशी आहे. चिमी म्हणजे माझी नात, प्रकाशची मुलगी, तीन वर्षांची. तिचं पोट बिघडलं, ताप आला, डॉक्टरांनी पाच दिवसांचं गोड औषध दिलं. काल तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पोट थांबलं, आणि सूनबाईने शीशीला घट्ट झाकण लावून ती वरच्या फळीवर ठेवून दिली. आत दोन दिवसांचं औषध शिल्लक आहे. मी येता-जाता ती शीशी बघतो आणि गप्प बसतो. एवढंच बोलून भागणार नाही, बोललो तर सगळंच बोलावं लागेल.

म्हणून आधी लिहून बघतो. चौथी पास माणूस आहे, सांभाळून घ्या.

आम्ही मूळचे धारचे. वडील दरबारच्या पागेत घोड्यांना औषध पाजायला होते. दरबार गेला, घोडे गेले, पागेत लोकांनी गवत साठवलं. मी धारमध्ये हे कर, ते कर, असं करत राहिलो आणि पुढे देवासला कारखाने निघाले तेव्हा मथू आणि प्रकाशला घेऊन इकडे आलो. औषधाच्या कारखान्यात लागलो. टेबलावर कॅप्सूल पसरायच्या. चेपलेली, फुटलेली, टोपी निसटलेली वेगळी काढायची. एवढंच काम. त्यातली पूड पिवळी, हळदीसारखी, आणि जिभेला लागली तर दिवसभर कडू. ती बनियनला लागायची, कानात जायची, नाक शिंकरलं तर रुमाल पिवळा. मथू रोज दारात म्हणायची, "आले नवरदेव हळद लावून! वऱ्हाड कुठे राहिलं?"

चेपलेल्या कॅप्सूल फेकायला जायच्या. आम्ही त्यांतल्या मूठभर खिशात घालून आणायचो. सगळेच आणायचे. त्यात चोरी केल्यासारखं कुणालाच वाटत नसे. मोहल्ल्यात आमच्या घरी एक पत्र्याचा डबा होता. त्याला कुणी 'दवाखाना' म्हणे, कुणी 'पीला डब्बा'. कुणाच्या मुलाला दस्त लागले, कुणाला ताप आला, की वाटी घेऊन दारात हजर. मथू कॅप्सूल उघडून अर्धी पूड मधात कालवून द्यायची. उतार पडायचाच. तेव्हा सगळ्यांनाच उतार पडायचा.

आता कोर्सचं सांगतो, कारण सगळी भानगड त्या शब्दाची आहे.

एकदा मथूलाच जोराचा ताप आला तेव्हा डबा पुरला नाही, डॉक्टरांकडे न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, "माताजी, कोर्स पूरा करना. पाँच दिन." बाहेर पडल्यावर ती विचारते, "अहो, कोर्स म्हणजे?" मला तरी कुठे माहीत होतं? पण नवऱ्याने 'माहीत नाही' म्हणायची आमच्यात रीत नव्हती. मी म्हटलं, "शाळेत नसतो का प्रकाशचा? कोर्सची पुस्तकं. तसंच हे."

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. गोळ्या बाजूला सारत ती म्हणाली, "झाले मी पास. आता कोर्स कशाला वाचायचा?"

मी खूप हसलो. मोहल्लाभर सांगितलं. पुढे आमच्या गल्लीत तशी म्हणच पडली. कुणी बरं झालं की बायका विचारायच्या, "पास हो गया?" आणि उरलेल्या गोळ्या गुंडाळून ठेवायच्या. एका शब्दाचा अर्थ मी चुकीचा सांगितला आणि अख्खी गल्ली त्याच अर्थाने बरी होत राहिली.

आणीबाणीच्या आधीची गोष्ट असेल. असाच पितृपक्ष. वानरांच्या कळपात अर्ध्या शेपटीची एक मादी होती. मथू तिला जाऊबाई म्हणायची. "विचारत नाही, येते, उचलते आणि वर डोळे वटारते. अगदी धारच्या जाऊबाई."

मी म्हणायचो, "वहिनींना वानर म्हणतेस?"

"मी वानराला जाऊ म्हणते. वहिनींना कुठे काय म्हटलं?"

त्या वर्षी घराघरांतली खीर, वडे, पुऱ्या खाऊन जाऊबाईला लागली. भिंतीवर पोट दाबून बसलेली, मागचं अंग सगळं बरबटलेलं, पिल्लू छातीशी लोंबतंय पण तिला त्याचं भान नाही. मथूने मला जेवणावरून उठवलं.

"अहो, हिला लागलीय."

"वानराला हगवण लागली, त्याला मी काय करू?"

"डबा काढा. घोड्यांना पाजत होते ना तुमचे वडील? मग तुम्हाला नाही का येत?"

वडील घोड्याला औषध गुळाच्या ढेकळात घालून द्यायचे. मी केळं घेतलं, सालीसकट बाजूने उभी चीर दिली, आत दोन कॅप्सूलची पूड भरली आणि चीर बोटाने दाबून मिटवली. मथूला दाखवलं, असं. ती शिकली. तिसऱ्या दिवशी जाऊबाई लिंबावर उड्या मारत होती, आणि मथू परसात टाळ्या वाजवत होती. "पास झाली! पास झाली!"

आजही तो आवाज कानात आला की मी हातातलं काम खाली ठेवतो.

मग ते पुण्यच झालं. शनिवारी मारुतीचा वार. मथू टेकरीच्या पायऱ्यांशी चणे-गूळ घेऊन जायची आणि केळ्यात कधी कॅप्सूल, कधी कुणाची उरलेली गोळी. शेजारची गेंदाबाई हाक मारायची, "ओ बेन, म्हारे यां चार गोली पड़ी हे, फेंकी दूँ कंई?"

"फेंकना मत," मथू आपल्या मराठी हिंदीत म्हणायची. "दवा अन्न जैसी होती है. हमको देव."

औषध टाकून देणं म्हणजे भाकरी उकिरड्यावर टाकण्यासारखं. मग ते मारुतीच्या लेकरांच्या मुखी गेलं तर वाईट काय? हे आम्ही मनापासून मानत होतो. वाईट माणसं नव्हतो आम्ही.

पाठकबाई आल्या त्या आणीबाणी उठल्यानंतरच्या दुसऱ्या भादव्यात. जनावरांच्या डॉक्टरीच्या कॉलेजातल्या. साडी खोचलेली, पायांत कॅनव्हासचे बूट, हातात चिमटा, खांद्याच्या पिशवीत झाकणाच्या बारक्या शीश्या. मथू धावत आली. "अहो, बघा तरी! ती बाई वानराच्या लेंड्या गोळा करतेय, डब्या भरभरून!"

नाक्यावरच्या टपरीशी बसणारी मंडळी होतीच. एकाने ओरडून विचारलं, "क्या बेनजी, परसाद ले जा रिये हो?"

बाई वळल्या. "हाँ भिया. आपका भी चाहिए. कल सुबह डिब्बी दे जाऊँगी."

त्या खरंच दुसऱ्या दिवशी डबी घेऊन आल्या. त्यांना माणसांचंही हवं होतं. टपरीवरचा तो पुढे आठ दिवस त्या वाटेने गेला नाही.

पण मी डबी दिली. घरची तीन माणसं, तीन डब्या. मथूने पदर तोंडावर घेऊन दिली. बाईंना ते आवडलं असावं, कारण मी धारचा आहे हे कळल्यावर म्हणाल्या, "दादा, गंधवानी की तरफ चलोगे? जंगल के लंगूर चाहिए, जिनको आदमी ने कुछ खिलाया न हो."

सुट्टी काढून गेलो. जीप धारवरून, तिरल्यावरून पुढे डोंगरांत उतरली. ज्वारी निसवलेली, मध्येच सोयाबीनचे पिवळे पडू लागलेले तुकडे, मग सागाचं रान. तिथली वानरं वेगळी. दिसायला तीच, पण आम्हाला बघताच सबंध कळप झाडावरून असा फुटला की पाऊस पडल्यासारखा पानांचा आवाज झाला. एक मोठा हुप्प्या तेवढा थांबला. वरच्या फांदीवरून माझ्याकडे बघत तो खाकरला, वाघ बघून खाकरतात तसा. मी मागे बघितलं, खरंच काही आहे का. मागे कुणी नव्हतं. तो मलाच बघून खाकरत होता.

तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आम्ही केळी चारणारी माणसं, आणि हा आम्हाला वाघ समजतो. आता वाटतं, त्यालाच कळलं होतं.

महिन्याभराने बाईंनी मला त्यांच्या कॉलेजात नेलं. लांब खोली, फिनेलचा वास. टेबलावर काचेच्या चपट्या बशा, झाकणं लावलेल्या. बशीत घट्ट खिरीसारखा थर, त्यावर साय धरावी तसा पांढुरका पडदा. बाई म्हणाल्या, हा पडदा म्हणजे जंतू, पोटातून आलेले, इथे वाढवलेले. त्या पडद्यावर कागदाच्या बारीक गोल टिकल्या ठेवलेल्या होत्या. एकेका टिकलीत एकेक औषध मुरवलेलं. औषध लागू पडत असलं तर टिकलीच्या भोवतीचे जंतू मरतात आणि तेवढी जागा स्वच्छ होते.

"ये गंधवानी वाले," त्या म्हणाल्या.

काय सुंदर दिसत होती ती बशी! प्रत्येक टिकलीभोवती मोकळं, स्वच्छ गोल. पावसाळ्यात चंद्राला खळं पडतं ना, तसं प्रत्येक टिकलीला खळं पडलेलं.

"और ये आपकी टेकरी वाले."

टिकल्या होत्या. खळं नव्हतं. पांढरा पडदा पार टिकलीच्या कडेला येऊन भिडलेला. काही टिकल्यांवर तर चढायला बघत होता.

मी विचारलं, "वो पीली दवा वाली कौनसी?"

त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने दाखवली. तिच्याभोवती तर नखाएवढीही जागा नव्हती.

शेजारी त्यांची वही उघडी होती. औषधांची नावं इंग्रजीत, खाली खाली लिहिलेली, आणि नावांपुढे एकेक अक्षर. गंधवानीच्या पानावर सापासारखं वळलेलं अक्षर. टेकरीच्या पानावर दुसरंच. एक खांब, वर त्याला पोट, खाली पुढे टाकलेली तंगडी. जागोजाग तेच. मी विचारलं, हे काय. बाई म्हणाल्या, "आर. इसका मतलब, दवा हार गई." मी ते तसंच लक्षात ठेवलं. आर म्हणजे हार.

मग मला राहवलं नाही. "मैडम, मैंने खिलाई है."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मी सगळं सांगितलं. डबा, केळं, शनिवार, कोर्स. कोर्सचं ऐकून त्या हसल्या नाहीत. हसतील असं मला वाटलं होतं, सगळे हसायचे. त्या म्हणाल्या, थोडं थोडं औषध दिलं, मध्येच सोडलं, की कमकुवत जंतू मरतात आणि दांडगे उरतात. मग त्यांचीच प्रजा वाढते, आणि ती आपली विद्या शेजारच्या जंतूंनाही शिकवते. वर म्हणाल्या, वानर पानं खाणारं जनावर. त्याच्या पोटातले सगळेच जंतू वाईट नसतात, काही त्याची पानं पचवतात. तेच तुम्ही मारत होता.

आम्ही कोर्स अर्ध्यावर सोडत होतो. जंतू पूर्ण करत होते.

"हमारे पेट में भी आएगा?"

"जंतू को क्या पता, दादा, पेट बंदर का है कि आदमी का."

"सब मेरी वजह से?"

त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "अकेले आप कहाँ? नाला है, कचरा है, अस्पताल है, पूरा शहर है. आदमी से बंदर को, बंदर से आदमी को. कौन बताए कहाँ से शुरू हुआ."

"पर मेरा भी हिस्सा है?"

"हो सकता है."

एवढंच. 'हो' म्हणाल्या असत्या तर रडून मोकळा झालो असतो. 'नाही' म्हणाल्या असत्या तर झोपलो असतो. दहा वर्षं मी त्या 'हो सकता है' मध्ये राहतो आहे.

घरी आलो तर मथू दारातच. "काय निघालं हो लेंड्यांतनं?"

तिचा चेहरा मला आठवतो. कपाळाला पीठ लागलेलं. शनिवार उद्यावर आलेला, केळ्यांची फणी खुंटीला टांगलेली. ही बाई आयुष्यात कुठे जत्रेला गेली नाही, यात्रेला गेली नाही. तिच्या नावावर पुण्य म्हणून काय, तर ही वानरं. मी कसं सांगणार?

मी म्हटलं, "काही नाही. वानरं ठीक आहेत."

ही माझी खरी चूक. आधीच्या सगळ्या न कळून झालेल्या होत्या.

कॅप्सूल आणणं मी बंद केलं. कारखान्यात आता खिसे बघतात असं खोटंच सांगितलं. डबा रिकामा झाला. पण गेंदाबाईच्या गोळ्या होत्या, दुसऱ्यांच्या होत्या. शनिवार चालूच राहिला. मी काठी घेऊन वानरांच्या मागे लागायचो. मथू चिडायची, "शनिवारी मारुतीला काठी दाखवता? लाज आहे का?" मी पाण्याच्या टाकीवर पत्रा ठोकला. भाज्या दोनदा धुवायला लावल्या. वानराने उष्टावलेला पेरू तिने पदराला पुसला आणि खाल्ला तेव्हा मी तिच्या हातातून हिसकावून घेतला. ती बघतच राहिली. "म्हातारपण लागलं तुम्हाला," म्हणाली. ती वानरांना चारून यायची, लुगड्याला हात पुसायची आणि कणीक तिंबायला बसायची. मी त्या हातांकडे बघायचो. हात धू म्हणायचो. "धुतले की!" धुतले नसायचे. दोघांनाही माहीत असायचं.

ज्याला माहीत नाही तो निवांत असतो. मला माहीत होतं, म्हणून प्रत्येक घास मी एकटाच घाबरून गिळत होतो.

मग काही वर्षं काहीच झालं नाही. भीतीसुद्धा म्हातारी होते, कोपऱ्यात बसून राहते. चिमी जन्मली. मथू तिला मांडीवर घेऊन वानरं दाखवायची.

दोन वर्षांपूर्वी मथूला थंडी वाजून ताप आला. लघवीचं दुखणं. बायकांना होतं, म्हणाले. गोळ्या दिल्या. उतार नाही. दुसऱ्या दिल्या, सुया दिल्या. पाठीत कळा. इंदूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी लघवी तपासायला पाठवली, आणि तिसऱ्या दिवशी प्रकाश कागद घेऊन आला. "बाबा, रिपोर्ट."

मला इंग्रजी येत नाही. पण औषधांची नावं खाली खाली होती, आणि प्रत्येकापुढे एक खांब, त्याला पोट, पुढे टाकलेली तंगडी. वरपासून खालपर्यंत. एकाच ठिकाणी साप होता, अगदी तळाला.

मी प्रकाशला म्हटलं, "हरली रे."

"काय हरली?"

मी कागद त्याच्या हातात परत दिला. त्या तळाच्या औषधाच्या सुया चालू केल्या, पण तोवर विष रक्तात गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "दवा लागू नहीं हो रही." मथू शेवटपर्यंत शुद्धीत होती. एकदा म्हणाली, "पाच दिवस झाले ना हो? या खेपेला पुरा केला बघा मी कोर्स." मी तिचा हात धरून बसलो होतो. तेव्हाही सांगितलं नाही. आणि तेव्हा सांगणं बरं झालं असतं, असं अजूनही वाटत नाही.

ते जंतू वानरांकडूनच आले असं कुणी म्हणू शकत नाही. पाठकबाईही म्हणणार नाहीत. हो सकता है.

इथवर लिहून ठेवलं होतं. पुढचं आज लिहितो, नवमी झाल्यावर.

सकाळी सूनबाईने सोवळ्यात सगळं रांधलं. वृंदा इंदूरची, शिकलेली. हिंदी झरझर वाचते, मराठी अडखळत. पण तिच्या माहेरी जुनी वळणं आहेत, मला मामंजी म्हणते, सासूचं सगळं नीट करते. खीर, वडे, आळूची भाजी, आमसुलाची चटणी. सवाष्ण जेवायला गेंदाबाईलाच बोलावलं होतं. पान भरून मी परसात नेलं. भिंत रिकामी होती. वानरं लिंबात होती, हलत नव्हती. कावळा कुठेच नाही.

पान ठेवलं, पाणी फिरवलं, हात जोडले. आमच्या घरात असं आहे की पान ठेवल्यावर जे बोलायचं ते मोठ्याने बोलायचं. गेलेल्या माणसाला मनातलं ऐकू जात नाही. गेल्या वर्षी मी म्हटलं होतं, सगळं ठीक आहे, काळजी करू नकोस. यंदाही तेच तोंडाशी आलं. मागे दारात चिमी वृंदाच्या कडेवर होती. हडकलेली, डोळे आत गेलेले, पण आज हसत होती. बोट दाखवत होती, "आबा, वांदल."

मी म्हटलं, "मथू, वानरं ठीक नव्हती. मला तेव्हाच कळलं होतं."

आवाज माझा मलाच परका वाटला. मग थांबता आलं नाही. केळ्याला चीर कशी द्यायची ते मी शिकवलं. कोर्सचा अर्थ मी चुकीचा सांगितला. बशीत खळं नव्हतं. तू विचारलंस आणि मी खोटं बोललो. सगळं मोठ्याने, भिंतीकडे तोंड करून.

वृंदा जवळ आली. "मामंजी, काय बोलताय? बरं वाटत नाहीये का?"

"ती शीशी उतरव."

"कोणती?"

"चिमीची. दोन दिवसांचं राहिलंय. काल दोन्ही वेळचं चुकलं, आज सकाळचंही."

"अहो, पण ती बरी झाली ना आता. उगाच कशाला पोटात औषध..." आणि थांबली. मी काय बोललो होतो त्यातलं काहीतरी तिच्यापर्यंत पोचलं असावं. तिने चिमीचं बोट, भिंतीकडे केलेलं, आपल्या मुठीत धरलं. "आणि उरलेलं मी... मी तर शनिवारी... आईंसारखं..."

मथूने तिलाही शिकवलं होतं.

"कधीपासून?"

"दोनदाच, मामंजी. आईंच्या आठवणीने."

मी तिला रागावलो नाही. कोणत्या तोंडाने रागावणार? फक्त एवढं म्हटलं, "डॉक्टरांना विचारून ये, तीन वेळा चुकल्या, आता कसं द्यायचं. जा, आत्ता जा." चिमीला माझ्याजवळ सोडून ती तशीच सोवळ्याच्या लुगड्यात गेली आणि धापा टाकत परत आली. "आत्ताच द्या म्हणाले. पाच दिवस पुरे करा म्हणाले."

लिंबातून धपकन आवाज झाला. मी चिमीला उचलून आत नेलं आणि पायाने दार लोटलं. हात साबणाने धुतले, कोपरापर्यंत. शीशी हलवली, चमचा भरला. चिमीने चमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आबा, मी पास झाले?"

गल्लीत अजून तसंच म्हणतात.

"नाही," मी म्हटलं. "अजून दोन दिवस."

बाहेर पान ओढल्याचा आवाज आला. कावळा की वानर, मी बघायला उठलो नाही. चिमीने तोंड वाकडं करून औषध गिळलं. ते तिच्या एवढ्याशा पोटात उतरताना मला ती बशी दिसत होती, आणि मी मनात म्हणत होतो, खळं पडू दे. चमच्याच्या टोकाला एक थेंब राहिला होता. तोही मी तिला चाटवला.